मोरीतली चिलटे आणि ओसरीचा वाटा

मी, बायजाबाई रामाजी मेश्राम, वय सदुसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार नंदनवन, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. मुलगा बळीराम याने दबाव आणून पाहिला; त्याला चहा देऊन बाहेर बसवले आहे.

१. दोन्ही खोल्या बळीराम व सून प्रेमिला यांना समाईक मिळाव्यात. प्रेमिलेच्या सहीशिवाय बळीरामने खिळाही विकू नये. चिलटे हाकलायला त्याने घरात कडुनिंबाचा धूर केला होता. चिलटे राहिली, माझी गादी जळाली.

२. शिलाई मशीन व कात्र्या एकट्या प्रेमिलेला. कारण पुढे येते.

३. ओसरी माझ्या नावावर आहे. पलीकडच्या खोलीत माझी धाकटी जाऊ देवकी राहते. उटण्यासाठी ती ओसरीवर संत्र्याची साले वाळत घाली. चौऱ्याहत्तर साली आमच्याकडे चिलटांनी उच्छाद मांडला. चहात चिलट, डोळ्यात चिलट, सुईत दोरा ओवावा तर नाकात चिलट. देवकीला बोलले, तर म्हणाली, "बाई, वाळल्या सालावर चिलटं येत नाहीत." ती सदरला बाजाराला गेली असता मी तिची सगळी साले नालीत फेकली. तिने आमच्या दोघींच्या खोल्यांमधले दार लावून घेतले, ते आजतागायत.

चिलटे मात्र होतीच. अठ्ठ्याहत्तरात प्रेमिला लग्न होऊन आली. आठव्या दिवशी तिने मोरीची जाळी उचकटली. खाली काळा गाळ, त्यात वळवळत्या अळ्या.

"आई, हे चिलटं तं आपल्याच मोरीतले आहेत जी!"

"हळू बोल वं," मी म्हटले.

तिने ब्रशने गाळ खरवडला, आठवडाभर उकळते पाणी ओतले, मोरीचे तोंड फडक्याने बंद ठेवले. चिलटे संपली. देवकीला सांगायला दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. सबब ओसरी देवकीला द्यावी आणि हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावे. मी तेव्हा नसेन, म्हणजे उत्तर द्यावे लागणार नाही.

४. साक्षीला आलेल्या शाळेच्या बाई, इंदुताई, इथे म्हणाल्या, "मेल्यावर माफी मागता? लय हुशार आहा!" त्यांनी प्रेमिलेला पाठवून देवकीला बोलावले. कलम तीन मीच वाचले.

देवकी म्हणाली, "मले माहीत होतं, बाई. तुमच्या मोरीचा वास माझ्याकडे येत होता."

"मंग सांगितलं काहून नाही वं?"

"माझी सालं फेकली ना तुमी! मी दाराच्या फटीतून पाहून राहिली होती. तुमी टॉवेल घेऊन चिलटांमागं नाचून राहिल्या होत्या. चार वर्षं मले टॉकीजले जाचं काम पडलं नाही."

सबब दुरुस्ती: अर्धी ओसरी देवकीला आजच दिली. उरलेल्या अर्धीवर मी जिवंत असेतो मीच बसेन आणि तिच्याशी भांडेन. माझ्यामागे तीही तिचीच.

वाचले, ऐकले, हुज्जत घालून कायम केले.

सही: बायजाबाई रामाजी मेश्राम
साक्षीदार: १. इंदुताई वासनिक २. ताराचंद गजभिये, शेजारी
नागपूर, ता. ३ फेब्रुवारी १९८१