रिकाम्या खोलीचा आकडा

सोमवार, २९ एप्रिल

पोहोचलो एकदाचा. मेव्हण्यानं मोर्स बेटावर आणून सोडलं आणि रस्ताभर रविवारच्या मेजवानीवरून डोकं खाल्लं. रविवारी माझ्या लेकीचं, सिसेलचं, चर्चमध्ये दृढीकरण, म्हणजे वयात येतानाचा धर्मसंस्कार, आहे आणि जेवायला बसल्यावर बापानं भाषण करायचं असतं. कागद अजून कोरा आहे. शनिवारपर्यंत आला नाहीस तर तुझ्याऐवजी मीच बोलेन, असं तो म्हणाला. तेवढ्यासाठी तरी वेळेवर गेलंच पाहिजे.

घर म्हणजे गावाची जुनी दूध डेअरी. आक्सेल बिस्गोर या लाऊडस्पीकर बनवणाऱ्या कारागिरानं लोणी काढायच्या दालनात गाणी ऐकायची खोली केली. दोन वर्षांपूर्वी तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. त्याची बायको गुद्रूनबाई, पंचाहत्तरीची, पण काटक. पूर्वीचा आवाज येत नाही, तो तेवढा आणून द्या, म्हणाल्या. कॉफीबरोबर सात प्रकारची बिस्किटं पुढे ठेवली आणि सातही खायला लावली. दाराशी तीन पुरुषी कोट होते, चौथ्या खुंटीवर माझा टांगला.

खोलीत शिरताच टाळी वाजवली. खोड जुनी आहे. टाळी कशी परत येते त्यावरून खोलीचा स्वभाव कळतो. सिसेलनंही ती उचललीय, वर्गात शिरताना टाळी वाजवते म्हणून मास्तरांची चिठ्ठी आली होती. इथे चारी भिंतींना पांढऱ्या फरशा, म्हणजे टाळी खणखणायला हवी. ती मऊ आली, दबलेली. म्हटलं बरंय, काम कमी.

मंगळवार, ३० एप्रिल

दिवस मजेत गेला. रेकॉर्ड फिरवणारं टर्नटेबल दगडी लादीवर आहे, लादी एका बाजूला केसभर कलली होती, ती सरळ केली. सुईचं वजन जास्त होतं, कमी केलं. स्पीकर कपाटाएवढे उंच. एकट्यानं सरकवताना कंबर धरली. त्यांची तोंडं चार खुर्च्यांकडे वळवून घेतली.

रेकॉर्डच्या कपाटात आक्सेलनं चिकटवलेला कागद सापडला. आवाज बंद केल्यावर तो विरायला किती सेकंद लागतात, त्याचा हिशेब. खोली रिकामी, १.४. एक माणूस, १.३. दोन, १.२. तीन, १.१. चार, १.० आणि त्यापुढे लाल शाईत ‘हाच!’. खाली पेन्सिलीनं ‘पाच?’ असं आहे. बरोबरच आहे ते. माणूस आवाज पितो, अंगावर लोकरी कपडे असले तर जास्तच. मी पूर्वी होतो त्या स्पीकरच्या कारखान्यात आम्ही कागदावरचा आकडा बघून सांगायचो, ऐकायच्या खोलीत कितीजण बसलेत.

बुधवार, १ मे

लांब वायर ओढून मी बाहेर पॅसेजमध्ये बसलो. खोली रिकामी, दार बंद. स्पीकरमधून खर्र आवाज सोडायचा, झटकन बंद करायचा, यंत्र कागदावर रेघ काढतं. आकडा आला १.१.

यंत्र उघडून पुन्हा जुळवलं. १.१. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. वैतागून गुद्रूनबाईंना विचारलं, आत गादी-बिदी ठेवलीय का. त्या म्हणाल्या, नाही बाई, आत फक्त मंडळी. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मग सहज विचारल्यासारखं कोटांचं विचारलं. एक आक्सेलचा. एक ओऱ्हूस शहरातून आलेल्या तंत्रज्ञाचा, एक ओडेन्सहून आलेल्याचा. दोघांचे हात चांगले होते, म्हणाल्या, आवाज दर वेळी थोडा सुधारला. कोट न घेताच गेले का, असं विचारलं तर म्हणाल्या, गेलेत कुठे?

म्हातारी एकटी राहते, चळली असेल. पण मला भीती वाटली. उद्या काम संपवून परवाच्या बसनं घर गाठणार.

गुरुवार, २ मे

शेवटचं ऐकून बघायला चौथ्या खुर्चीत बसलो. एका बाईच्या आवाजाची जुनी रेकॉर्ड होती. शपथेवर सांगतो, तीस वर्षं या धंद्यात आहे, असं कधी ऐकलं नाही. तिनं श्वास घेतला तो मला गालावर लागला. स्पीकर नाहीसे झाले. मी रडलो. लाज वाटली नाही. किती वेळ बसलो कोण जाणे, कॉफी गार झाली होती. कपांकडे नंतर लक्ष गेलं. चार होते.

उठून पॅसेजमध्ये आलो. दार लावलं. मोजलं.

१.०.

मी बाहेर आहे. आकडा चार माणसांचा.

शुक्रवार, ३ मे

थांब्यावर गेलो. बस आली. हात केला. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं, माझ्यातून पलीकडे पाहिलं, आणि गेला.

घरी फोन लावला. व्हिबेके, माझी बायको, हॅलो हॅलो करत राहिली. मग कुणाला तरी म्हणाली, फोनवर नुसतं गाणं चाललंय.

स्वयंपाकघरात माझी ताटली मांडलेली नव्हती. माझी कॉफी आत नेली होती — चौथ्या खुर्चीपाशी —

शनिवार, ४ मे

टाळी वाजवली. हाताला झोंबली. आवाज नाही.

पुन्हा. नाही.

आज घरी पोचायचं होतं. भाषण लिहितोय. ‘सिसेल, तू जन्मलीस तेव्हा तुझं रडणं मी टेपवर घेतलं होतं’ — इथपर्यंत आलंय. लेकीसमोर उभं राहून एवढं तरी —

उठतो, दाराशी जातो, आणि खुर्चीतच असतो.

रविवार, ५ मे

मोटार वाजली. जेवण टाकून आल्यात दोघी. सिसेल पांढऱ्या झग्यात. किती मोठी दिसते.

गुद्रूनबाई पॅसेजमध्ये सांगतायत, शुक्रवारीच निघाले हो ते. व्हिबेकेनं माझा कोट ओळखला. रडतेय.

सिसेल आत आली. एकटीच. टाळी वाजवली.

मान तिरकी केली. माझ्यासारखीच. आईला ओरडून म्हणाली, खोली रिकामी नाहीये, रिकामी अशी वाजत नाही, बाबा इथेच आहे.

शहाणी माझी पोर. कान माझेच. मीच दिले —

ओरडतोय. सगळं आवाजातच विरतंय.

गुद्रूनबाई खुर्ची घेऊन आल्यात. पाचवी. म्हणतायत, बस बाळ, दमली असशील, एक गाणं ऐक, बाबांचं फार आवडतं झालंय.

सुई टेकवली.

सिसेल, नको — उभी राहा — बसू नको, बस —