नलिनीचा गुडघा आणि दारात अडलेला मी

तीर्थस्वरूप दशरथदादास,

विक्रोळीहून काशीरामचा साष्टांग नमस्कार. वहिनींनाही नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तुझा खोकला कसा आहे? (आमच्या घरात खोकल्याचं नाव काढायची बंदी आहे, म्हणून इथेच विचारून घेतो.) फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगितलं तर अख्ख्या बिल्डिंगला कळेल, म्हणून पत्र.

नलिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झकास झालं. आपली समीक्षा त्याच हॉस्पिटलात सिस्टर आहे. एकाचे जंतू दुसऱ्याला लागू नयेत, हे बघायचं तिचं काम. मी इतकी वर्षं म्हणायचो, हात धुवायला कसलं आलंय शिक्षण? आता कळलं. आपण ज्याला हात धुणं म्हणतो, त्याला ती हात ओले करणं म्हणते.

आपली रीत तुला माहीत. माणूस हॉस्पिटलात पडलं की सगळ्यांनी जायचं, खाटेवर बसायचं, पेज भरवायची, अंगावरून हात फिरवायचा. न जाईल त्याला वर्षभर बोलणी. मी तर तोऱ्यात आमंत्रणंच देऊन आलो, पोरगी आपलीच आहे, कोण अडवतंय! अडवलं की रे, पोरीनंच! दोघांच्या वर आत नाही, खाटेवर बसायचं नाही, हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही. तळमजल्याच्या कृष्णाबाईंनी (यांच्यापुढे सोसायटीचा सेक्रेटरी चळचळा कापतो) मुकाट्यानं बांगड्या वर सारून हात धुतले. मी मागून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो, माझी मुलगी हां ती.

मग माझा नंबर आला. खिशात तू पाठवलेला देवीचा अंगारा. बेत असा, की पट्टीच्या कडेनं हळूच गुडघ्याला चोळायचा. (हसू नकोस, तुझ्या पाठीला लावला तेव्हा उतार पडलाच ना?) आणि नेमक्या दारात शिंका सुटल्या. समीक्षा म्हणाली, "बाबा, घरी जा." मी म्हटलं, अगं, मी नवरा आहे तिचा! तर म्हणते, "सर्दीला काय माहीत?" वर अंगाऱ्याची पुडी काढून घेतली, आणि चिमूटभर स्वतःच्या कपाळाला लावला. जखमेत जंतू गेला तर गुडघा परत उघडावा लागेल म्हणाली, देवीला मी सांगते. राग आला दादा, खोटं कशाला बोलू? पण शेजारच्या श्यामकांतच्या बायकोचा गुडघा असाच परत उघडला होता, ती बिचारी अजून काठी धरून चालते. बसस्टॉपवर येईपर्यंत राग गेला आणि छाती फुगली. चारचौघांत बापाला हाकलणारी पोरगी कुणाच्या नशिबी असते सांग!

तुझा,
काशीराम

ता. क. नलिनी घरी आली. इथेही तोच कायदा. मी श्यामकांतकडे झोपतो, जेवणाचं ताट दाराबाहेर मिळतं. पोरगी तुझा शब्द मोडत नाही. तिला दोन ओळी लिही, बापाला उंबऱ्यावरून तरी बायको बघू दे म्हणावं. लग्नापासून इतके दिवस तिचं तोंड न बघता मी कधी राहिलो नाही रे.

आणखी ता. क. काही लिहू नकोस. आत्ताच नलिनीचा हरेश्वर कोलंबीचं कालवण घेऊन आला, नाक ओढत. मी जिन्यातच अडवला. म्हणतो, भावोजी, मी सख्खा भाऊ आहे तिचा! माझ्या तोंडून निघून गेलं, "सर्दीला काय माहीत?" आतून नलिनी खो खो हसली. दादा, आवाज अगदी ठणठणीत आहे तिचा.