इंजिन मरत नाही

२ मे, शुक्र.
कलबुर्गीकडून शहाबादी फरशी आणली. पिकअपला झेपते त्याच्या दुप्पट. हुलसूरला पोचेपर्यंत रेडिएटर तीनदा उकळला. अण्णाने नेहमीसारखी त्यात मूठभर हळद टाकली, गळती थांबली. डिझेलच्या टाकीच्या चिरेला साबण चोपडलेला आहेच. इंजिन घरघरत राहिलं. ब्रेक मात्र दोन-तीनदा दाबल्याशिवाय लागत नाही. म्हटलं, आधी ब्रेक करून घेऊ. अण्णा थोरल्या भावाच्या तोऱ्यात म्हणाला, "इंजिन धडधाकट हाय न्हवं? मग कामून भ्यायलास? माय, उरलेली हळद ह्याला लाव." माय हसली.

४ मे, रवि.
मामा आले. शुक्रवारी त्यांच्या पोराचं लग्न, भालकीला. वऱ्हाड आमच्याच गाडीतून न्यायचं ठरलं. तीसेक माणसं. माय पण. वाटेत नाल्याचा उतार, खाली पूल, पुलाला कठडा नाही.
मामांना बाजूला घेऊन ब्रेकचं सांगितलं. "तुझ्या जन्माआधीचं इंजिन हाय हे. कवा दगा दिलंय का?"
सगळे इंजिनाचंच बोलतात.

५ मे, सोम.
इंजिन बसलं तरच गाडी घरी राहील. मग मामा दुसरी गाडी सांगतील.
दु. अण्णा जेवायला बसला तेव्हा गाडीखाली गेलो. नट सोडला, ऑइल डब्यात काढलं, निम्म्याहून जास्त. नट आवळला. ऑइलचा दिवा कित्येक दिवसांपासून लागतच नाही, त्यामुळे अण्णाला कळणार नाही. डबा कडब्यामागे. हात दोनदा धुतले, वास जात नाही.

६ मे, मंगळ.
खताच्या गोण्यांची खेप. बंद पडलं नाही. चढावर अण्णाने दामटलं तरी नाही. आतून टकटक येते. मला ऐकू येते, अण्णाला नाही. तो मोबाइलवर गाणी लावतो.

७ मे, बुध.
फरशी घेऊन भालकीला. तोच उतार. मी डोळे मिटले. अण्णाने वरच पहिला गिअर टाकला आणि पाय ब्रेकवरून काढून घेतला.
"ब्रेक!" मी ओरडलो.
"ब्रेकवर कोण उतरतंय, खुळ्या? इंजिन धरतंय की गाडीला."
इंजिन किंचाळत होतं. गाडी बैलगाडीच्या चालीने खाली आली.
म्हणजे एवढे दिवस आम्हाला तेच धरून होतं. आणि मी त्याचंच. आज तिथे ते तुटलं असतं तर
घरी आल्याबरोबर ऑइल फडक्यातून गाळून परत ओतलं. टकटक गेली नाही.

८ मे, गुरु.
अण्णाला सगळं सांगितलं. मार खायची तयारी होती. त्याने मांडीवर थाप मारली.
"बिगर तेलाचं पळायलं व्हतं? मामा, ऐकलाव का!"
मामांनी फोन करकरून सगळ्या पाव्हण्यांना सांगितलं. आता त्या इंजिनावर सगळ्यांचा आधीपेक्षा जास्त भरवसा. मी म्हटलं, टकटक ऐका तरी. अण्णाने बॉनेटला कान लावला. "म्हातारं हाय, खोकणारच."
ब्रेकचा विषय कोणी काढला नाही.

९ मे, शुक्र.
पहिल्या चावीला सुरू. टकटक आहे, कालच्यापेक्षा भराभर येते. बॉनेटला झेंडू, चाकाखाली लिंबू फोडून झालं. बायका स्टुलावर पाय देऊन चढायल्यात. माय अगदी मागे, फाळक्याला टेकून.
"माय, तू राहा ना घरी."
"भावाच्या घरचं लग्न हाय, न्हाई जाऊ?"
चाकाखाली घालायचं लाकूड मी हातातच ठेवलं आहे. उतार आला की खाली उडी मारून चाकाबरोबर चालायचं. चालत्या चाकाखाली ते घालता येईल का, माहीत नाही.
अण्णा हॉर्न वाजवतो आहे. "ए मुनीम, बास ल्हिणं!"
मायने शेजारी हातभर जागा धरून ठेवली आहे, मला हात करते आहे.