धूर दिसायच्या आधी

माय, तू गेल्यावर गावामागच्या जंगलात मी पाऊल टाकलं ते थेट यंदाच्या उन्हाळ्यात, तेही नोकरीच्या कामानं. सागाच्या झाडांवर आम्ही लहान लहान पेट्या बसवतो. हवा एकदम तापली, धूर आला की एक पेटी दुसरीला कळवते, दुसरी तिसरीला, मध्ये वायर नाही की काही नाही, आणि शेवटी वनखात्याच्या नाक्यावरचा फोन वाजून नेमकी जागा दाखवतो.

तुमच्या वेळी कळायचं ते गावातून धूर दिसल्यावर. तोवर अर्धा उतार पेटलेला असायचा. वनखात्याच्या रोजंदारीवरच्या तुम्ही बायका पळसाच्या ओल्या डहाळ्या घेऊन आग झोडपायला निघायचात. मी सातवीत होते तेव्हाच्या वणव्यातून तू दुसऱ्या दिवशी सकाळी आलीस. भुवया जळालेल्या, तळपायाला फोड. मी रडत रडत पाय धुतेय आणि तू म्हणतेस, "पायाकडे काय पाहून राह्यली? पुस्तकात पाह्य." शेजारची काकी मात्र परत आलीच नाही. वारा फिरला आणि ती नाल्यात अडकली. तरी पुढच्या वणव्याला तू पुन्हा निघालीस.

"काहून जातं वो माय?"

"मी नाही गेली त दुसऱ्या कोणाची माय जाईन."

परवा पहिल्यांदा खरा इशारा आला. भर दुपारी फोन वाजला, मजूर बायकांसोबत मीही जीपमध्ये चढले. पोचलो तेव्हा आग आपल्या अंगणाएवढीच होती. झोडपून विझवली. परतताना एकीला तिच्या पोरीचा फोन आला. ती हसत म्हणाली, "आलीच मी. तू भाकरी टाकू नको, मीच येऊन टाकतो." मी तोंड फिरवून बाहेर पाहत राहिले. इतक्या लवकर घरी येणारी माय मी कधी पाहिलीच नव्हती.

हे लिहिलेलं पाठवायला पत्ता नाही, माझ्याजवळच राहील. पण एक सांगून टाकते. पेटी बसवली की खाली घमेल्यात मूठभर पाला पेटवून ती तपासावी लागते. पेटी लगेच इशारा देते. मी मात्र पाला लगेच विझवत नाही. जवळ बसून धूर अंगावर घेते, कारण तू कुशीत घ्यायचीस तेव्हा तुझ्या पदराला हाच वास असायचा. सोबतचे विचारतात तेव्हा सांगते, तपासणी अजून चालू आहे.