मधल्या रेषेवरचा गोलकीपर

मंगळवार, ता. १४
हॉटेल, चौथा मजला

ताई,

नमस्कार. भावोजींना नमस्कार, त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यालाही.

आम्ही सगळे सुखरूप आहोत. गादी मऊ आहे, जेवण बेचव पण पोटभर. तुझा लेक ठणठणीत आहे. त्याला इथे सगळे लंबू म्हणतात, आता मीही म्हणतो, रागावू नकोस. परवा तू फोनवर विचारलंस, "तयारी कशी चाललीये रे?" आणि मी म्हणालो, आवाज तुटतोय. आवाज चांगला येत होता.

नव्या टीव्हीचा फोटो पाहिला. केवढा तो! शनिवारच्या आमच्या पहिल्या सामन्याला म्हणे सगळी गल्ली बोलावली आहेस, भावोजी खुर्च्या भाड्याने आणणार आहेत. ताई, कुणी सांगितला होता गं हा उपद्व्याप?

बरं, असू दे. आधी खेळाचं सांगतो. तुला फुटबॉलमधलं कळत नाही असं तू म्हणतेस, पण हे कुणालाही कळेल. आमच्या विभागात आम्ही सोडलो तर सगळे चिमुकले देश. एकाचा कप्तान दिवसभर टपाल वाटतो आणि संध्याकाळी सरावाला येतो. असल्यांना आम्ही नऊ-शून्य, अकरा-शून्य हरवायचो आणि पेपरवाले आम्हाला वाघ म्हणायचे. कसले डोंबलाचे वाघ! वासरांत लंगडी गाय शहाणी. विभागात पहिलं आलं की विश्वचषकात जागा मिळते, मग तक्रार कोण करणार? मी गोलकीपरचा कोच. मी म्हणायचो, परदेशात जाऊ, तगड्या संघांशी खेळू, मार खाऊ, शिकू. महासंघाचे अध्यक्ष म्हणायचे, "अहो, एकही गोल न खाल्लेला संघ आपला. रेकॉर्ड कशाला घालवता?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही फार ताणलं नाही.

त्या सामन्यांत लंबू गोलात नुसता उभा. चेंडू हाताला लागायचा नाही. कंटाळून जांभया द्यायचा. मग मीच बाहेरून ओरडायचो, "अरे, तिथे कसली राखण करतोस? ये पुढे, पास खेळ!" तो पुढे येत येत थेट मधल्या रेषेपर्यंत यायला लागला. तिथून एकदा त्याने गोलही मारला. लोक नाचले, मीही नाचलो. पुढे सरावही आम्ही तसाच केला.

विश्वचषकासाठी इथे आल्यावर पहिला खरा सराव सामना झाला. दारं बंद होती, पेपरवाल्यांना मज्जाव होता, म्हणून तुमच्या कानावर आलं नाही. शिट्टी वाजली आणि लंबू सवयीने पुढे. त्यांच्या एका पोराने मान वर केली, गोल रिकामा दिसला, आणि त्याने लांबूनच चेंडू उंच टाकून दिला. लंबू मागे पळतोय आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जाळीत. एकदा नाही गं, तीनदा! शेवटी त्यांचे खेळाडू तोंडावर हात धरून हसायला लागले. एकूण आठ गोल झाले.

मी मैदानावर चुन्याची रेघ ओढली, म्हटलं, हिच्यापुढे पाऊल टाकायचं नाही. पण चेंडू पलीकडे गेला की त्याचे पाय आपोआप निघतात. मग दचकतो, मागे धावतो, आणि त्या गडबडीत साधा सरळ चेंडूही हातातून सुटतो. धड पुढचा राहिला नाही, धड मागचा. वर्षानुवर्षांची सवय चार दिवसांत कशी मोडणार? मोडत नाहीये.

काल तो माझ्या खोलीत आला, पलंगाच्या कडेला बसला. म्हणाला, "मामा, मला नका घेऊ." मी तडक हेडकोचकडे गेलो. ते म्हणाले, "ठीक, दुसऱ्याला उतरवतो. तुम्ही सांगा, तो तरी अडवेल?" तो दुसरा लंबूपेक्षाही कच्चा आहे. कप्पाळ माझं! मान खाली घालून परत आलो. शनिवारी लंबूच खेळणार आहे.

किती वेळ ताकाला जाऊन भांडं लपवतोय मी. आमचा मालिशवाला आई आजारी म्हणून घरी परततोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. फोनवर मला हे बोलता आलं नसतं. लंबूने तुला निरोप दिलाय. त्याचं म्हणणं, शनिवारी आईने टीव्ही लावू नये. मी समजावलं, अरे वेड्या, खेळात हार-जीत चालायचीच, आईपाशी कसली लाज? तर म्हणाला, "हरण्याचं नाही, मामा. पहिला गोल झाला की सगळे वळून आईकडे बघतील. आणि आई हसत बसेल, कुणाला काही कळू नये म्हणून. मी गोलात उभा राहून मनात तेच बघत बसेन."



तेव्हा खुर्च्या परत पाठव. लोकांना सांग, टीव्ही बिघडला. सामना संपला की फोन हाताशी ठेव. तो करेल की नाही, देव जाणे. केलाच, तर किती गोल झाले ते विचारू नकोस. जेवलास का, एवढंच विचार.

"पोराला माझ्या हाती दे, काळजी सोड" असं तुला म्हणालेला,
तुझा धाकटा