मुक्तीची जागा

वाडी, पोस्ट नेकनूर
दि. २४ नोव्हेंबर १९९१, रविवार

ती. सौ. सिंधुअक्का हिस,
धाकट्या कचरूचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडं माय, मी आणि शेळी खुशाल हाव.

तुमचा ट्रक गेला आणि वाडी मोकळी पडली. दारोदारी कुलपं. कुत्रीसुद्धा भुंकायची थांबलीत. भुंकणार तरी कुणावर? काल मी उगाच सगळ्या कड्या हलवून आलो. पण ते राहू दे, सांगायचं निराळंच हाय.

बद्रीनाथ गुरुजींनी शाळेसाठी योजना काढलीय. बत्तीस पोरांतली एकोणीस आईबापांमागं उसाला गेली. आता साहेब तपासणीला येणार, आणि वर्ग रिकामा दिसला की शाळा बंद. राहिलेल्या पोरांनी नेकनूरला तंगड्या तोडत जायचं. म्हणून गुरुजींनी भिंतीवर गेरूनं लिहिलंय: अभ्यास सुधारणे, वागणूक सुधारणे, घरच्यांचा सहभाग वाढवणे. पहिल्या दोन गोष्टी कुठंबी असतात. तिसरीचा अर्थ असा, की गेलेल्या पोराच्या जागेवर त्याच्या नावाचं पोतं घडी करून ठेवायचं आणि घरच्या माणसानं त्यावर येऊन बसायचं, प्रार्थनेपासून मधल्या सुट्टीपर्यंत. नाव पुकारलं की हजर म्हणायचं. पाटीवर लिहायचं. घंटेआधी उठायचं न्हाई. पोर परत आलं की शिकलेलं त्याला सांगायचं.

तात्याबा त्याच्या नातीच्या, साखराच्या पोत्यावर बसतो. दात न्हाईत, हजर म्हणतो तर फुंकर मारल्यागत वाटतं. मायचे गुडघे मोडत न्हाईत, तवा तुझ्या मुक्तीच्या जागेवर उद्यापासून मी. ज्या गुरुजींनी डाव्या हातावर छड्या मारल्या म्हणून मी पाचवीत खिडकीतून उडी टाकली, तेच परवा म्हणाले, कचरू, कोणत्याबी हातानं लिही बाबा, पण बस.

दाजींना जयभीम, मुक्तीला एक टप्पल. मायाळू नजर अशीच ठेव.
तुझा, कचरू


ऊसतोडीचा तळ, माजलगाव
दि. ३ डिसेंबर १९९१

चि. कचरू यास, अ. उ. आ.
तुझं पत्र दाजींनी पाचटाच्या साऱ्या कोप्यांत वाचून दाखवलं. तू शाळेत बसणार हे ऐकून बायका उसाच्या मोळीवर डोकं टेकून हसल्या. बारशाला पाळण्यात थांबला न्हाईस तू, असं माय सांगती.

पण खरंच बस. मी चौथीत होते तवा आईबापांबरोबर उसाला आले. माझं नाव पटावरून कमी केलं, ते पुन्हा चढलंच न्हाई. मुक्तीला बाळ सांभाळायला आणावं लागलं, माझाबी जीव तुटतो. तिचं नाव तेवढं राहू दे. परीक्षेला तिला कसंबी करून पाठवीन.

तिला इथं आल्यापासून ताप होता. भाकरीकडं बघत नव्हती, मी घाबरले होते. गेल्या सोमवारी सकाळी, पंचविसाला, आपणहून उठली आणि जेवायला मागितलं. आता चांगली हाय. फक्त एक खोड लागलीय, सारं डाव्या हातानं करती. जेवती डाव्या हातानं, सरपण मोडती डाव्या हातानं. दोनदा हातावर मारलं तरी न्हाई ऐकत. दाजी म्हणतात, मामावर गेली.

मायच्या गुडघ्याला एरंडाचा पाला बांध. आठवण धरून राहा.
तुझी अक्का, सिंधु


वाडी
दि. १२ डिसेंबर १९९१

ती. सौ. अक्का हिस सप्रेम जयभीम. वि. वि.
मुक्तीचं डावखुरं वाचून आधी लई हसलो. मग हसू थांबलं. पंचवीस तारखेला सकाळीच मी तिच्या पोत्यावर पहिल्यांदा बसलतो.

घाबरू नको, पण ऐक. परवाच्या सोमवारी पाढे चालले होते. तात्याबानं एकदम पाटी टाकली आणि उजवा घोटा दोन्ही हातांनी धरून ओरडला. घोट्याला काही झालेलं नव्हतं. तरी घंटा होईपर्यंत उठला न्हाई, डोळ्यांतून पाणी गाळत बसला. बुधवारी तुमच्या तळावरून ट्रकवाला आला. म्हणाला, सोमवारी सकाळी साखराचा उजवा पाय उसाच्या गाडीच्या चाकाखाली आला. तुला तर माहीतच असंल.

गुरुजींना विचारलं, हे कावून झालं? म्हणाले, म्हाताऱ्याला थंडीनं पेटके येतात. पण तवापासून ते तास चालू असताना दाराला कडी लावतात. वर्ग एवढा शांत असतो की खडू झिजलेला ऐकू येतो. राहिलेली तेरा पोरं भिंतीला चिकटून बसतात, म्हाताऱ्यांच्या रांगेकडं बघत न्हाईत. बायडाबाई नातवाचं नाव आलं की बारीक आवाजात हजर म्हणती, अन् तो आवाज तिचा न्हाई. मला सतराचा पाढा कधीच आला नव्हता. आता तोंडातून आपोआप निघतो, आणि शाळेत बसल्याबसल्या नाकात उसाच्या पाचटाचा वास येतो.

जाऊ दे. लिंबागणेशला बोअरची मशीन आलीय म्हणं. जमिनीत एवढं खोल दांडकं घालतात, मी कधी बघितलं न्हाई. एक दिवस जाऊन यावं म्हणतो, एका दिवसानं काय होतंय. तिकडून फुटाणे आणीन.

तुम्हा सगळ्यांना इकडची सावली लाभो.
तुझा, कचरू


माजलगाव
दि. २२ डिसेंबर १९९१

चि. कचरू यास, अ. उ. आ.
मुक्ती हरवली होती. आता सापडली, मायला सांगू नको.

मंगळवारी, सतरा तारखेला सकाळी, तिनं बाळाला पाचटावर ठेवलं आणि चालू लागली. शेजारणीनं हाक मारली तर वळूनबी बघितलं न्हाई. दोन दिवस आमी कोयते टाकून हिंडलो. बुधवारी दिवस कलताना कालव्यावर दिसली. पाणी काठोकाठ होतं आणि तिचा एक पाय पाण्यात. दाजींनी मागून कमरेला धरलं. विचारलं, कुठं निघालीस गं? तर म्हणाली, पाणी लागलं का ते बघायला. कचरू, एवढा मोठा कालवा समोर, आणि पोरगी विचारती पाणी लागलं का.

अजून एक. तिच्या केसांत, पापण्यांत पांढरी भुकटी होती, दगड दळल्यासारखी. इकडं दहा कोसांत सारी काळी माती हाय. मी धुतलं तर तीन पाणी पांढरं निघालं.

तू रोज बसतोस ना रे? इमानानं सांग.
तुझीच, अक्का


वाडी
दि. ३० डिसेंबर १९९१

अक्का,
जयभीम. आज थट्टा न्हाई.

मी बसलो नव्हतो. सतरा आणि अठरा, दोन दिवस लिंबागणेशला होतो. निघताना शेजारच्या बाईनं हाक मारली, तीबी ऐकली न्हाई. मशीन सोडून पाय निघेना. दोनशे चाळीस फूट गेले, पाणी न्हाई, नुसती पांढरी भुकटी उडत होती. आमी सारे बघणारे पिठात लोळल्यागत झालो. मी सारखं विचारत होतो, पाणी लागलं का. घरी येऊन आंघोळ केली तर तीन पाणी पांढरं निघालं.

तुझं पत्र मी शाळेच्या पायरीवर वाचलं आणि थेट आत जाऊन पोत्यावर बसलो. आता मधल्या सुट्टीला उठत न्हाई. शाळा सुटेपर्यंत बसतो. रविवारी गुरुजींकडून किल्ली घेतो. तात्याबाबी येतो.

साहेब येऊन गेले. मुक्तीचं नाव पुकारलं तवा माझ्या तोंडून बारीक आवाजात हजर निघालं, साहेबांनी वर बघितलं न्हाई. शेरा चांगला दिलाय: हजेरी पूर्ण, वागणूक उत्तम, घरच्यांचा सहभाग नमुनेदार. शाळा राहिली. गुरुजींनी पेढे वाटले, पण घाम पुसत होते. हळूच मला म्हणाले, कचरू, हे आता उलटं कसं करायचं ते मला ठाऊक न्हाई.

तू फिकीर करू नको. पट्टा पडला, ऊसतोड संपली की मुक्तीला सरळ शाळेत आण, तिला तिच्या जागेवर बसव. तोपर्यंत मी हलत न्हाई. मांडी घालून बसलोय, शपथ.
तुझा, कचरू


माजलगाव
दि. ११ फेब्रुवारी १९९२

चि. कचरू यास, अ. उ. आ.
तुझ्या शब्दाला जागलास. तुझ्यासारख्या पाय सुटलेल्यानं दीड महिना एका जागी काढला, ह्याचे पांग कसे फेडू? तरी आज तुझ्याकडं एक मागणं मागते.

मुक्ती बसून हाय. सकाळी कोपीपुढं मांडी घालती, तोंड आपल्या वाडीकडं. सांजेपर्यंत हलत न्हाई. बाळ रडलं तरी हात पुढं करत न्हाई. पोरी लंगडी खेळायला बोलावतात, ती त्यांच्याकडं बघती, पण उठत न्हाई. साखरा तिच्याशेजारी तशीच बसती, पाय बरा झाला तरी. तळावरच्या बायका म्हणतात, किती शहाण्या पोरी, किती चांगलं वळण. मी मान हलवते आणि उसात जाऊन रडते.

अजून महिनाभर सुटका न्हाई. एवढी शिस्त आठ वर्षांच्या पोरीला सोसायची न्हाई रे. बाबा, जरा ऊठ. लांब जाऊ नको, गाडीत चढू नको, विहिरीकडं तर बघूबी नको. शाळेमागच्या चिंचेपर्यंत जा. तात्याबालाबी हाताला धरून ने. दोघं थोडी लंगडी घाला, लोक हसतील तर हसू दे. मग चिंचा पाड आणि दोन खा, चांगल्या आंबट बघून. तिला लई आवडतात.

पत्र शनिवारपर्यंत पोचंल. रविवारी सकाळी मी कामावर जाणार न्हाई. इथं तिच्यासमोर, तिच्या तोंडाकडं बघत बसते.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी अक्का, सिंधु