पहिल्या फेरीची माणसं

प्रिय बारक्या,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझे कागद येऊन बरेच दिवस झाले. रोज सही करायला बसतो आणि रोज चष्मा सापडत नाही. ताई म्हणते, बाबा, तो कपाळावर आहे. असू दे.

मला एक सांग, चांगलं चाललेलं मोडायची ही काय खाज आहे तुला? तुझा तो दीपगृहाचा खेळ लोकांनी विकत घेतला, घरी बसून एकेकट्याने कॉम्प्युटरवर खेळला. दुसरा भाग काढलास, तोही घेतला. आता तिसऱ्याची वाट बघताहेत. समजा नाही खपला, तर केला तेवढा खर्च बुडेल, संपलं. पण नाही! साहेबांना ऑनलाइन पाहिजे. सगळ्या जगाने एका गावात जमून खेळायचं म्हणे. मी काही बोललो की फोनवर हसतोस, म्हणतोस, बाबा, आता एकट्याने कोण खेळतं? अरे, मी खेळतो! दुसऱ्या भागातल्या पुलावर अडकून पडलोय, ते कोणी विचारत नाही.

माझं शिक्षण किती ते तुला माहीत आहे. पण बागेतला आकाशपाळणा मी जन्मभर चालवला. रिकाम्या पाळण्याकडे माणसं बघतात आणि पुढे जातात. इकडे मोटार, वीज, जागेचं भाडं चालूच. तुझ्या सर्व्हरचं तेच ना? ताईने समजावलं मला. कोणी येवो न येवो, ते चालू ठेवायचं, सारखं नवीन काहीतरी घालत राहायचं, आणि बंद केलं की पैसे भरलेल्यांच्या हातातही काही उरत नाही. हे मला कळतं, तुला कळत नाही? आणि त्यासाठी मी सही करून घर गहाण ठेवायचं! डोक्याला नुसता ताप.

बाग उघडली की पहिल्या फेरीला मी तुला आणि आईला बसवायचो, आठवतं? तिला चक्कर यायची. डोळे घट्ट मिटून बसायची बिचारी, पण कधी नाही म्हणाली नाही. तू मात्र वर पोचलास की दोन्ही हात हलवून रस्त्यावरच्या लोकांना बोलवायचास. मग कोणी तरी यायचं, त्यांना बघून आणखी कोणी. पाळणा तुझ्यामुळेच चालतो असं तू शाळेत सांगत सुटायचास.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. चाचणीसाठी तू नवा खेळ उघडलास, मला बोलावलं नाहीस. ताईकडून आत जायचं शिकलो. रोज दुपारी जेवलो की तुझ्या त्या गावात जाऊन कारंज्यापाशी उभा राहतो. नवीन माणूस आला तर त्याला निदान कोणीतरी दिसावं. पण येतंय कोण? फक्त एक लाल टोपीवाला येतो. कठड्यावर चढतो आणि रिकाम्या रस्त्याकडे बघून दोन्ही हात हलवत राहतो. काल मीही हलवले. बराच वेळ आम्ही दोघंच होतो.

बारक्या, तो तूच आहेस ना? सही मी करणार नाही, कागद परत पाठवतोय. हवं तेवढं चीड. पण वरची खोली झाडून ठेवली आहे. ये, इथे बसून तिसरा भाग कर. येतोस की नाही ते लवकर कळव रे, जीव टांगणीला लागलाय.

तुझाच,
बाबा